बोल वीरेणा

३ सप्टेंबर, बुधवार

ही डायरी अमरच्या कृषी केंद्राची आहे. दर पानाखाली फवारणीचा एक सल्ला छापला आहे. बबितानं दुपारी ती माझ्या हातात दिली आणि म्हणाली, "जे ओरडायचं ते याच्यात ओरडा. गिऱ्हाइकावर नाही, अन् माझ्यावर तर बिलकुलच नाही." बायको बरोबर बोलली तर ऐकाव लागते. बसलो लिहाले.

झालं असं. आर्णीत माझं मोटार वाइंडिंगचं दुकान आहे. सकाळी एका म्हाताऱ्याचा फवारणी पंप उघडून बसलो होतो, तर अमर आला. म्हणे, पियुषचं नवीन गाणं आलं, ऐक. पियुष, अमर, दिपाली आणि मी, यवतमाळच्या कॉलेजपासूनचे चौघं. ब्लूज-रॉकचं वेड आम्हाले तिथंच लागलं. एका खोलीत बसून भिंती हालेपर्यंत ऐकाचो. पियुषचा पहिला अ‍ॅम्प्लिफायर मी बनवून दिलता, जुन्या टेपच्या सर्किटवर. आता तो पुण्यात आहे आणि त्याचा बँड आहे. नाव बोंडअळी. लोक तिकीट काढून ऐकतात.

गाणं सुरू झालं. आधी गिटार नाही, ड्रम नाही. नुसता एका पोरीचा आवाज, रडणारा. मागं जीप सुरू असल्याची घरघर. मधात एक माणूस म्हणते, "पेटी मागं ठेवा." तो माणूस मी. ती पोरगी माझी बहीण जया.

आमच्या गोरमाटी, म्हणजे बंजारा लोकांत नवरी सासरी जाताना रडते ते साधं रडणं नसते. ती गाऊन रडते, त्याले ढावलो म्हणतात. बाया महिनाभर आधीपासून नवरीले शिकवतात, कोणाच्या गळ्यात पडून काय म्हणायचं ते. जयाले ते जमतच नव्हतं. याडीनं, म्हणजे माझ्या मायनं, डोक्याले हात लावलता. आणि लग्नाच्या दिवशी जयानं शिकवलेलं सगळं सोडून दिलं आणि स्वतःच्या मनचं असं काही म्हटलं की तांड्यातल्या म्हाताऱ्या म्हणाल्या, काय रडली पोरगी, वीस वर्षांत असं रडणं ऐकलं नाही. मी ते मोबाइलमधे भरून घेतलं. संध्याकाळी पियुषले पाठवलं. लिहिलं होतं, "ऐक बे, याले म्हणतात ब्लूज."

सात वर्षं झाली त्याले. मी विसरून गेलतो. तो हरामखोर विसरला नाही.

सहा मिनटं दहा सेकंदाचं गाणं आहे. मधात ड्रम पडते, गिटार बोंबलते आणि दहा-वीस पोट्टे मिळून ओरडतात, "बोल वीरेणा, बोल." वीरेणा म्हणजे भाऊ. रोजच्या बोलण्यात आम्ही भिया म्हणतो, गाण्यात वीरेणा होते.

अमर टाळ्या वाजवून राह्यला होता. मी म्हाताऱ्याच्या पंपाचं झाकण भिंतीवर मारलं. नवीन झाकण आता मलेच बसवून द्याव लागन.

४ सप्टेंबर, गुरुवार

पियुषले फोन केला. पुण्यात राहून "मला-तुला" करते आता. मी म्हटलं, "माझ्या बहिणीचं रडणं विकाले काढलं का बे तू?"

म्हणे, "शाम, ऐकून तर घे. विचारल्याशिवाय टाकलेलं नाही मी."

"मले विचारलं?"

"तुला नाही. पण—"

मी फोन कापला. त्याच्या "पण"च्या पुढचं ऐकाले मी रिकामा बसलेलो नाही.

संध्याकाळी अमरनं पोस्टर पाठवलं. वीस तारखेले बोंडअळी पांढरकवड्यात वाजवणार आहे. हायवेवर खाली ढाबा आणि वर हॉल असलेलं एक हॉटेल आहे, त्या हॉलले आता क्लब म्हणतात. पितृपक्षात हॉल कोणी घेत नाही, म्हणून बँडवाल्यायले भेटला. दहा वाजता पोलीस बंद करतात, म्हणून साडेसहालाच सुरू.

जयाचं सासर तिथून चार किलोमीटर. तिचा सासरा तांड्याचा कारभारी. नायकाच्या खालोखाल त्याचा मान. आपल्या सुनेचं रडणं भोंग्यातून ऐकू आल्यावर तो तिले काय म्हणन? तांड्यातल्या बाया काय म्हणतीन? मले आग लागली आहे ती यासाठी. माझं स्वतःचं त्यात काही नाही. ते गाणं पांढरकवड्यात वाजलं नाही पाहिजे, बस.

जयाचा मिसकॉल होता. कामात होतो.

७ सप्टेंबर, रविवार

दिपाली बाभुळगावहून एसटीनं आली. तिथं शाळेवर मास्तरीण आहे. अंगात बँडचा टी-शर्ट, त्याच्यावर गिटार वाजवणारी अळी. अमरनंही तोच घातला होता. माझ्यासाठीही एक आणला, म्हणाले वीस तारखेले घालून ये. मी तो पंप पुसाच्या फडक्यांत टाकला.

दिपाली म्हणाली, "राग समजला. पण एक सांग. गाण्यात ती भावाले काय म्हणते?"

"रडण्यात काय म्हणत असतात? आंगण सुटलं, गाय सुटली, माय सुटली."

"नाही. कागद म्हणते ती. तीनदा म्हणते. तेवढा शब्द मलेही समजते. कोणता कागद?"

मी म्हटलं, "विजेचं बिल असन."

अमर हासला. दिपाली हासली नाही. शाळेत पोरं खोटं बोलतात तेव्हा पाहत असन तसं पाहून राह्यली होती. मी तिले चहा सांगतला आणि दुकानाच्या मागं जाऊन उगाच एक मोटार उघडली.

चार वाजता पुन्हा जयाचा फोन. बबितानं उचलला आणि माझ्या कानाले लावला. जयाचं तेच, मागच्या महिन्यापासून चाललेलं. तिनं नर्सिंगच्या कोर्सचा फॉर्म भरला आहे, यवतमाळले. तीस तारीख शेवटची. नवरा घनश्याम ट्रकवर असते, त्याची ना नाही. अडून बसला आहे तो सासरा. आणि तिकडची रीत अशी की कारभाऱ्यासमोर घरातलं कोणी तोंड उघडत नाही, पण सुनेचा भाऊ येऊन बसला आणि त्यानं शब्द टाकला तर तो ऐकते.

"तू एकदा ये ना भिया. बोल त्यांच्याशी."

मी म्हटलं, गणपती होते म्हणून जमलं नाही. आता उद्यापासून पितृपक्ष. या पंधरा दिवसांत असे विषय काढत नसतात. नवरात्र लागलं की येतो.

ती मग म्हणाली, "बरं भिया."

गाण्याचं मी तिले सांगतलं नाही. तिच्या डोकशाले ताप कायले द्या.

११ सप्टेंबर, गुरुवार

पाऊस. दिवसभर दोन पंप. जयाचे दोन मिसकॉल. एकदा सांगतलं ना पितृपक्ष आहे म्हणून.

पानाखाली छापलं आहे: रोग दिसण्याची वाट पाहू नये, वेळीच फवारणी करावी. छापणाऱ्याचं काय जाते.

१४ सप्टेंबर, रविवार

आज बापू, म्हणजे माझे वडील लालसिंग राठोड, तांड्यातून आले होते. सत्तरी पार झाली, पण काठी घेत नाहीत. मी खालच्या गल्लीत तार आणाले गेलतो, तेवढ्यात बबितानं त्यांना गाणं लावून दिलं. मी परत आलो तर बापू स्टुलावर बसून मोबाइल कानाले दाबून ऐकून राह्यले होते. पूर्ण ऐकलं. गिटारसुद्धा.

मग मले म्हणाले, "हे जयाचं होय. कोणता कागद म्हणते ती?"

मी म्हटलं, "मले काय माहीत."

"तुलेच म्हणते. वीरेणा, माझा कागद तुझ्या खिशात आहे, जीप सुटली नाही, अजून वेळ आहे, बापाले बोल. कोणता कागद?"

बबिता माझ्याकडं पाहून राह्यली होती. बबिता सोलापूरकडची, आमची बोली तिले समजते पण ढावलो समजत नाही. आता समजला.

सांगाव लागलं. लग्नाच्या आठ दिवस आधी जयाले नर्सिंगच्या कॉलेजचा कागद आलता. तिची निवड झाली होती. तांड्यात पोस्ट वेळेवर येत नाही म्हणून पत्ता माझ्या दुकानाचा होता. ती म्हणाली, भिया, बापूले तूच सांग, मले भेव वाटते. मी म्हटलं, सांगतो.

बापू म्हणाले, "मंग? मले तर कोणीच सांगतलं नाही."

"तुम्ही ऐकलं असतं का?"

"ते तू सांगतल्यावर मी पाह्यलं असतं. लगन एक साल पुढं गेलं असतं तर कोणती आग लागली असती? मी तवा जीपवाल्याशी बोलून राह्यलो होतो. पोरगी रडत असली की बाप तिकडं कान देत नाही, ऐकवत नाही. तू तर बाजूले उभा होता."

मोबाइल टेबलावर ठेवून ते निघून गेले. जेवलेही नाही.

खोटं आहे. बुढा आज मऊ झाला म्हणून असं बोलते. तवा बापूचा राग पुऱ्या पंचक्रोशीले माहीत होता. मी तोंड उघडलं असतं तर त्यांनी बैलाले टोचाची तुतारी माझ्यावर काढली असती. एका शब्दावर नाही म्हटलं असतं. मले माहीत आहे.

मले कसं माहीत आहे? मी तर विचारलंच नव्हतं. हे वाक्य खोडणार होतो. राहू दे.

आठ दिवस तो कागद माझ्या शर्टाच्या खिशात होता. रोज सकाळी जया माझ्या तोंडाकडं पाहे, आणि मी म्हणे, आज बोलतो. लग्नाच्या दिवशी तोच शर्ट अंगात होता. एका हातानं तिची पेटी जीपमधे ठेवली, दुसऱ्या हातात मोबाइल होता.

या सगळ्याचं मूळ पियुष आहे. जे मातीखाली गेलं होतं ते त्यानं उकरून काढलं, वरून त्याले गिटार लावली. सोडत नाही मी त्याले.

१९ सप्टेंबर, शुक्रवार

पांढरकवड्याले जाऊन आलो. त्या हॉटेलची बोअरची जळालेली मोटार मागच्या साली मीच वाइंडिंग करून दिली होती, मालक ओळखते. म्हणालो, उद्या एवढा लोड येणार आहे, वायरिंग पाहून देतो. खुश झाला. चहा पाजला.

जिन्याच्या मागं एक बोळ आहे, तिथं मेन स्विच. जनरेटरचा स्विच त्याच्या बाजूलेच. दोन्ही एका हाताच्या अंतरावर. गाणं सुरू झालं की दोन्ही खाली. पियुषचा पहिला आवाज माझ्या हातानं निघाला होता, या बारीनं बंदही माझ्याच हातानं होईन. मग शोधत बसा फ्यूज.

जयाचा फोन आलता. कापला. तिच्याचसाठी चाललं आहे हे सगळं, तिले काय माहीत.

२१ सप्टेंबर, रविवार, सकाळी

लिहून काढतो, नाहीतर कोणावर तरी पाना फेकीन.

काल साडेसहाले हॉल खचाखच भरला. तीनशेक लोक असतील. यवतमाळचे कॉलेजवाले, वणीचे पोट्टे, खालच्या ढाब्यावरून ट्रकवाले वर आलेले. अमर गमछा फिरवून नाचून राह्यला होता. दिपाली, जिच्या वर्गात म्हणे पोरं खोकतही नाहीत, ती सगळ्यात पुढं. आवाज असा की छातीत कोणी आतून ठोकून राह्यलं. पहिली तीन गाणी मी भिंतीले पाठ लावून ऐकली. पियुष वाजवते, भैताड, पण वाजवते. माझा एक पाय हालून राह्यला होता, त्याले मी दुसऱ्या पायानं दाबलं.

चौथ्याच्या आधी मी बोळीत गेलो. पियुष माइकवर म्हणाला, "हे गाणं जिचं आहे, ती आज इथं आली आहे. एक एक शब्दाचा अर्थ तिनं मला बसून सांगितला. मी फक्त गिटार लावली."

मले ते ऐकू आलं. समजलं नाही, किंवा समजून घेतलं नाही. तेवढ्यात तिचा आवाज सुरू झाला. मग जीपची घरघर. मग आठ भोंग्यांतून माझा आवाज, "पेटी मागं ठेवा." माझ्या आवाजात काहीच नव्हतं. कोणी कापसाचं गाठोडं ठेवाले सांगते, तसा.

मी दोन्ही स्विच खाली ओढले.

अंधार. भोंगे बंद. मले वाटलं, संपलं. आणि तिथंच मी गाढवावाणी चुकलो. जन्म या जिल्ह्यात गेला, काम विजेचं करतो, तरी ध्यानात आलं नाही की इथं लाईट गेल्यानं कोणतंच काम थांबत नाही. लग्न थांबत नाही, पंगत थांबत नाही. "गेली रे," म्हणून सगळे हासले. तीनशे मोबाइलच्या बत्त्या लागल्या. आणि टाळ्यांच्या ठेक्यावर तीनशे लोक म्हणाले लागले, "बोल वीरेणा, बोल. बोल वीरेणा, बोल." गिटारच्या गोंगाटात निदान शब्द दबून गेले असते. आता एक एक शब्द कानात पडून राह्यला होता. ट्रकवाले म्हणून राह्यले होते. अमर म्हणून राह्यला होता. दिपालीचा आवाज वेगळा ओळखू येऊन राह्यला होता. त्यांच्यातल्या कोणालेच माहीत नव्हतं की तो वीरेणा जिन्याच्या मागं उभा आहे.

बोळीत एक बत्ती आली. जया होती. मागं घनश्याम, तो तिथंच थांबला.

ती रडत नव्हती. म्हणाली, "मले वाटलंच तू इथं असशीन. लाव भिया, मले पूर्ण ऐकायचं आहे."

मी म्हटलं, "तुझ्या सासऱ्यानं ऐकलं तर?"

"ऐकलं त्यांनी. यांनीच ऐकवलं परवा. म्हणाले, सून चांगली रडली होती आमच्या घरी येताना." ती थोडी हासली. "सगळ्यायले रडणंच वाटलं रे. याडीले, तांड्यातल्या बायांले. पियुषदादाचा फोन आला आणि तो म्हणाला, जया, यात तू काय म्हणतेस ते मला सांग, मगच मी हात लावीन. सात वर्षांत हे विचारणारा तो पहिला. आमच्या बोलीचा एक शब्द येत नाही त्याले."

"मले सांगतलं काहून नाही?"

"दीड महिन्यापासून फोन करून राह्यली. तू उचलतं कुठं?"

बाहेर चालूच होतं, बोल वीरेणा, बोल. मले असा राग आला की समोर दुसरं कोणी असतं तर मारलं असतं. समोर जया होती आणि मेन स्विच होता. आणि तिथं मले पहिल्यांदा कळलं की पंधरा-वीस दिवस मी ज्याच्यावर तापून राह्यलो तो पुण्यात राहतच नाही. तो आर्णीत राहते, वाइंडिंग करते, आणि आज बोलतो म्हणते.

दोन्ही स्विच वर केले. गाणं पुन्हा पहिल्यापासून झालं. बोळीतून निघून मी आणि जया दिपालीच्या बाजूले उभे राह्यलो. मी "बोल वीरेणा" म्हटलं नाही. जया म्हणाली. जोरात म्हणाली.

संपल्यावर पियुष खाली आला. मी त्याले एक शिवी दिली, त्यानं मले एक दिली. वऱ्हाडीत दिली, पुण्याच्या भाषेत नाही. मग म्हणाला, लाईट तूच घालवली ना बे. मी म्हटलं, हो.

निघताना जया एवढंच म्हणाली, "दहा दिवस राह्यले, भिया."

आता गाडी काढतो. बबिता म्हणाली, "आज सर्वपित्री अमावस्या आहे, माहीत आहे ना?" मी म्हटलं, माहीत आहे.

२१ सप्टेंबर, संध्याकाळी

जयाच्या सासरी पोचलो तेव्हा कारभारी ओसरीत खाटेवर बसून होता. मले पाहून चकित झाला, अमावस्येले पाव्हणा कसा. पाणी आलं, चहा आला. पाऊस झाला, सोयाबीन पिवळं पडलं, यावर बोलणं झालं. माझ्या बापूची तब्येत झाली. मग दोघंही चूप बसलो. घनश्याम गोठ्याजवळ टायर पाहत उभा होता, पाहाच्यासारखं त्यात काही नव्हतं. सैपाकघरातलं भांड्यांचं वाजणं बंद झालं.

मी बोललो.

चांगलं बोललो असं नाही. दोनदा अडलो. आधी आताच्या फॉर्मचं सांगतलं. मग त्या कागदाचं. तो आठ दिवस माझ्या खिशात होता, चूक पोरीची नव्हती, तिच्या बापाचीही नव्हती, माझी होती. म्हटलं, ती रडली नव्हती कारभारी, ती मले बोलत होती, आणि तिथं ती बोली समजणाऱ्यांत मीही होतो. आता तिले अडवू नका. तिच्या पोरींले सांभाळाची सोय लागली तर माझी बबिता करीन, याडी करीन. पण तिले जाऊ द्या.

त्यानं बिडी खाटेच्या पायाले विझवली.

"हे तुम्ही तेव्हाच सांगाले पाहिजे होतं."

"हो."

"आम्ही काय राक्षस होतो का?"

"नाही. मी भित्रा होतो."

त्यानं घनश्यामले आवाज दिला आणि म्हटलं, परवा मंगळवारी दोघंही यवतमाळले जा, कागदं नीट घेऊन जा, उगाच शेवटच्या तारखेची वाट पाहू नका. झालं. एवढंच.

जया दारात येऊन उभी होती, हातात माझ्या चहाचा रिकामा कप. माझ्या डोक्यावरच्या भिंतीवर घड्याळ होतं, तिकडं पाहून राह्यली होती. म्हणून मीही वळून पाह्यलं. चहापाणी आणि चूप बसणं सोडलं तर माझं बोलणं चार मिनटंही झालं नव्हतं. पियुषचं गाणं सहा मिनटं दहा सेकंदाचं आहे.